बारामतीच्या गुऱ्हाळातली भेंडी, इंदापूरचा साखर कारखाना आणि वालचंद हिराचंद

बारामती-इंदापूर पट्ट्यात हिवाळ्यात फिरलात तर रस्त्याकडेला गुऱ्हाळाचा धूर दिसतोच. चुलवाणावर भली मोठी काहील, त्यात उकळायला लागलेला उसाचा रस आणि शेजारी एका भांड्यात भिजत पडलेली, ठेचलेली भेंडीची खोडं. गुळव्या त्या भांड्यातलं चिकट, बुळबुळीत पाणी काहिलीत ओततो. थोड्याच वेळात हिरवट-करडा गढूळ रस फुटल्यासारखा दिसतो, घाण एकत्र येऊन वर तरंगते आणि गुळव्या झाऱ्याने ती मळी काढून टाकतो. खाली राहतो तो स्वच्छ, सोनेरी रस.

भेंडीच्या पाण्यात असं काय आहे?

हा प्रश्न साधा वाटतो, पण या भागाचं अख्खं अर्थकारण त्याच्या उत्तरावर उभं आहे. रस स्वच्छ झाला नाही तर गूळ काळा पडतो, भाव पडतो. साखर कारखान्यात रस स्वच्छ झाला नाही तर पांढरी साखर होतच नाही. म्हणूनच या भागात आधुनिक साखर कारखाना ज्याने उभा केला त्या माणसाची गोष्ट सांगताना ही भेंडीची गोष्टही सांगावी लागते.

त्या माणसाचं नाव वालचंद हिराचंद.

सोलापूरचा शेठजी, पण पेढीवर न रमलेला

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. आडनाव दोशी. घराणं मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, गुजराती दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने ते सोलापूर भागात स्थायिक झालं होतं. वडील हिराचंद नेमचंद हे जैन समाजातले नावाजलेले सुधारक. घरची पेढी, कापसाचा व्यापार, सावकारी, सगळं बसलेलं होतं.

वालचंद मॅट्रिक झाले, पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. पदवी मात्र पूर्ण झाली नाही. घरी परतून पेढीवर बसले, तर तिथेही मन लागेना. व्यापारात हात पोळले. त्या काळातल्या एका व्यापारी घरातल्या मुलासाठी ही मोठी अडचण होती. शिक्षण अर्धवट आणि घरच्या धंद्यात रस नाही.

मार्ग सापडला तो लक्ष्मणराव फाटक यांच्यामुळे. फाटक रेल्वेत कारकुनी केलेले, कामाची माहिती असलेले, पण भांडवल नसलेले. वालचंद यांच्याकडे भांडवल उभं करण्याची पत होती. दोघांनी मिळून बार्शी लाईट रेल्वेच्या येडशी-तडवळे तुकड्याचं कंत्राट घेतलं. एक गुजराती शेठजी आणि एक मराठी ब्राह्मण कारकून अशी ही जोडी. काम वेळेत झालं, नफा झाला आणि वालचंद यांना आपला धंदा सापडला. तो म्हणजे बांधकाम.

पुढे कामं मोठी होत गेली. त्यातूनच १९२६ मध्ये सुरू झालेली कंपनी आज हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी म्हणून ओळखली जाते. भोर घाटातले रेल्वे बोगदे हे तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. पुणे-मुंबई रेल्वेने जाताना खंडाळ्यापुढे अंधार होतो ना, त्या घाटातलं हे काम.

जहाज आधी, साखर नंतर

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा समुद्रावर इंग्रजांची मक्तेदारी होती. भारताचा माल भारतीय जहाजातून परदेशी जात नव्हता. १९१९ मध्ये वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांसोबत ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून एक जहाज विकत घेतलं. नाव लॉयल्टी. कंपनीचं नाव सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला ते जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासामुळे.

इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला. कंपनी बुडली नाही, पण वालचंद यांना एक धडा मिळाला. परक्या सरकारच्या राज्यात धंदा करायचा तर एकाच गोष्टीवर अवलंबून राहून चालणार नाही. जमीन, कारखाना, यंत्रं, सगळं आपलं हवं.

आणि इथून गोष्ट शेतीकडे वळते.

नीरेचा कालवा आणि उसाचा पट्टा

बारामती आणि इंदापूर हा मुळात कमी पावसाचा भाग. पण भाटघर धरण आणि नीरा डावा कालवा झाल्यावर, १८८५ नंतर, इथे कालव्याचं पाणी आलं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळं आली. बारामतीची गुळाची बाजारपेठ याच पाण्यावर वाढली.

वालचंद यांनी १९२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला शेतीचा पहिला प्रयोग केला. दगडधोंड्यांनी भरलेली माळरानं साफ करून तिथे मळा उभा केला. बांधकाम कंत्राटदाराने शेती करायची म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडली असणारच. पण माती हलवणं, पाणी खेळवणं, यंत्रं चालवणं, शेकडो माणसांकडून काम करून घेणं, हे सगळं कंत्राटदाराला येतच होतं. रावळगावला १९३३ मध्ये साखर कारखाना झाला. लहानपणी खाल्लेल्या रावळगाव गोळ्या आठवतात? त्या याच गावच्या.

दुसरा प्रयोग इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ झाला. मार्सलँड प्राइस नावाच्या कंपनीमार्फत वालचंद यांनी तिथे उसाचा मोठा मळा उभा केला आणि १९३० च्या दशकात साखर कारखाना सुरू झाला. त्या वसाहतीचं नाव पडलं वालचंदनगर.

वेळही बरोबर साधली होती. १९३२ मध्ये सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला, जावाहून येणाऱ्या साखरेवर जबर कर बसला. देशातल्या कारखान्यांची संख्या चार-पाच वर्षांत सुमारे ३० वरून १३० च्या वर गेली.

पण ऊस असला, कायदा बाजूने असला, यंत्रं आली, तरी एक अडचण उरतेच. गढूळ रस.

रस गढूळ का राहतो?

उसाचा रस म्हणजे नुसतं साखरेचं पाणी नाही. त्यात माती असते, चिपाडाचा बारीक भुसा असतो, उसाच्या सालीवरचं मेण असतं, प्रथिनं असतात. मोठे कण गाळणीत अडकतात. खरी डोकेदुखी असते अतिसूक्ष्म कणांची. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. दूध, रंग, शाई, पावसाळ्यातलं नदीचं पाणी, ही सगळी कलिलंच.

हे कण खाली का बसत नाहीत? दोन कारणं आहेत.

पहिलं कारण आकार. कण जितका लहान, तितका तो हळू बुडतो, आणि हे प्रमाण वर्गाचं आहे. कण दहापट मोठा झाला तर शंभरपट वेगाने खाली जातो. एक मायक्रॉनचा मातीचा कण शांत पाण्यात एक मीटर खाली जायला आठवडे घेतो. कारखान्यात तेवढा वेळ कुणाकडे आहे? गरम रस तासन् तास थांबला तर त्यातली साखर फुटायला लागते, म्हणजे शेतकऱ्याने पिकवलेला माल टाकीतच वाया जातो.

दुसरं कारण विद्युतभार. या कणांवर बहुतेक वेळा ऋण भार असतो. सगळे सारख्याच भाराचे, म्हणून एकमेकांना ढकलतात. जवळ येत नाहीत, चिकटत नाहीत, मोठे होत नाहीत, म्हणून बसत नाहीत.

मग उपाय एकच. त्यांना एकत्र यायला लावायचं.

भेंडी नेमकं काय करते?

भेंडी चिरल्यावर हाताला येणारा चिकटपणा म्हणजे पाण्यात विरघळणारं बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर. साखरेच्या वेगवेगळ्या रेणूंची एकामागे एक जोडलेली लांबच लांब साखळी. रसातल्या कणाच्या तुलनेतही ही साखळी चांगली लांब असते आणि पाण्यात सुटलेल्या दोऱ्यासारखी पसरते.

या दोऱ्याचं एक टोक एका कणाला चिकटतं, मधला भाग दुसऱ्याला, दुसरं टोक तिसऱ्याला. भार एकमेकांना ढकलत असतो, पण दोरा त्या अंतरापलीकडे पोहोचतो. असे शेकडो कण एकमेकांशी बांधले जातात आणि कापसाच्या बोंडासारखे मऊ पुंजके तयार होतात. गुऱ्हाळात उकळीबरोबर हवेचे बुडबुडे त्यांना वर आणतात, म्हणून मळी तरंगते. कारखान्याच्या टाकीत तेच पुंजके खाली बसतात.

वालचंदनगरसारख्या कारखान्यात भेंडी नव्हती, चुना होता. रसात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर सोडायचा, रस गरम करायचा. चुन्यातलं कॅल्शियम आणि रसातलं फॉस्फेट मिळून जाळीदार साका तयार होतो आणि तो घाण कवेत घेऊन खाली जातो. वरचा स्वच्छ रस आटवायला जातो, खालचा गाळ गाळून त्याची प्रेसमड होते. १९५० नंतरच्या काळात या चुन्याच्या जोडीला कारखान्यात तयार केलेलं पॉलिमर आलं. त्याचं नाव पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड. दहा लाख भाग रसात अगदी दोन-चार भाग टाकले तरी पुरतात. काम तेच, जे भेंडी पिढ्यान् पिढ्या करत आली आहे.

जास्त टाकलं तर?

इथे एक गंमत आहे. आपल्याला वाटतं, थोडं टाकल्याने थोडा रस स्वच्छ होतो, तर जास्त टाकल्याने जास्त होईल. होत नाही. पॉलिमर प्रमाणाबाहेर गेलं की प्रत्येक कणाभोवती दोऱ्यांचं पूर्ण आवरण तयार होतं. दुसऱ्या कणाला चिकटायला जागाच उरत नाही. कण पुन्हा सुटे होतात आणि रस पहिल्यापेक्षाही हट्टीपणे गढूळ राहतो. किती भेंडी ओतायची हे अनुभवी गुळव्याला नजरेने कळतं. त्या नजरेची किंमत इथे आहे.

आणि पॉलिमर कणाला अजिबात चिकटत नसेल तर? तरीही कण एकत्र येऊ शकतात! हे कोडं सुटलं वालचंद यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १९५४ मध्ये. आसाकुरा आणि ओसावा या दोन जपानी शास्त्रज्ञांनी ते सोडवलं.

कल्पना करा, जत्रेत चाकांवर ठेवलेले दोन मोठे पिंप आहेत आणि भोवती पोरं धावत, धडकत खेळतायत. पिंप लांब असतील तोवर पोरं सगळ्या बाजूंनी धडकतात, त्यामुळे पिंप जागेवर राहतात. पण दोन पिंपांमधली फट पोरांपेक्षा अरुंद झाली की आतून कुणीच धडकत नाही, धक्के फक्त बाहेरून बसतात. पिंप आपोआप एकमेकांना चिकटतात. इथे पिंप म्हणजे कण आणि पोरं म्हणजे पाण्यात गुंडाळी होऊन फिरणाऱ्या पॉलिमरच्या साखळ्या. कुणी कुणाला ओढत नाही, तरी जवळ येतात.

दवाखान्यात ईएसआर नावाची रक्ततपासणी करतात, ती आठवा. शरीरात सूज असली की रक्तात फायब्रिनोजेन या लांबट प्रथिनाचं प्रमाण वाढतं, लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकत्र येतात आणि नळीत लवकर खाली बसतात. तिथे प्रथिनाचा पूल पेशींना बांधतो की बाहेरचा धक्का त्यांना ढकलतो, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून चर्चा चालू आहे.

नीरेच्या मातीतही हेच

कालव्याने या भागाला ऊस दिला, तसं दुखणंही दिलं. पाणी जास्त झालं, निचरा कमी पडला आणि जमिनी चोपण, क्षारपड व्हायला लागल्या. कृषी खात्यातले हॅरल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

चोपण जमिनीत सोडियम वाढतो, मातीचे कलिल कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रं बुजतात आणि पाणी मुरत नाही. उपाय म्हणून जिप्सम टाकतात, कारण त्यातलं कॅल्शियम कणांना पुन्हा एकत्र आणतं. शेणखत, प्रेसमड टाकल्यावर माती रवाळ का होते? कारण ते कुजवणारे सूक्ष्मजीव चिकट बहुवारिकं तयार करतात आणि ती मातीचे कण बांधून ठेवतात. कारखान्यात जे कण रसातून काढायला धडपडावं लागतं, त्यांचाच गाळ परत शेतात जाऊन माती बांधायला मदत करतो.

विमान, जहाज, मोटार

वालचंद साखरेवर थांबले नाहीत. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी ओळख झाली. त्यातून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. आजची एचएएल ती हीच. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स आली, जिची पद्मिनी पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली.

यातलं सगळं त्यांच्या हातात राहिलं नाही. युद्ध चालू असतानाच १९४२ मध्ये सरकारने विमान कारखाना ताब्यात घेतला. गोदीत बांधलेलं जलउषा हे जहाज १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं, पण ती गोदीही पुढे सरकारकडे गेली. १९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. लॉयल्टीच्या प्रवासाला तेव्हा ३४ वर्षं आणि तीन दिवस झाले होते.

मागे काय उरलं?

गोष्ट एकतर्फी सांगायला नको. मोठ्या कारखान्यांना मोठे मळे लागले आणि त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या गेल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर अशा जमिनी सरकारकडे गेल्या, १९६३ मध्ये त्यांच्यासाठी शेती महामंडळ स्थापन झालं. मूळ मालकांना जमीन परत मिळावी म्हणून खंडकरी शेतकऱ्यांचा लढा दशकानुदशकं चालला. वालचंदनगरचा परिसरही त्यात होता. या भागात वालचंद यांचं नाव आदराने घेणारी माणसं आहेत, तशीच ज्यांच्या आजोबांची जमीन गेली तीही आहेत.

दुसरीकडे, खासगी कारखान्याने दाखवलं की या मातीत साखर होऊ शकते, आणि नंतर शेतकऱ्यांनी ते स्वतः करून दाखवलं. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, हे सहकारी कारखाने याच कालव्याच्या पट्ट्यात उभे राहिले. त्या प्रत्येकात रस निवळण्याची टाकी आहे.

वालचंदनगरच्या कंपनीने साखर कारखान्यांची यंत्रं बनवायला घेतली आणि तिथून ती पार अवकाशापर्यंत गेली. चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातल्या याच गावात तयार झाले.

आणि गुऱ्हाळं? ती अजून आहेत. काही जण रंग उजळवण्यासाठी रसायनांची पावडर टाकतात, काही जण अजूनही भेंडीच टाकतात. पुढच्या वेळी त्या रस्त्याने गेलात तर थांबा, गरम गूळ खा आणि भेंडीचं पाणी काहिलीत पडल्यावर रसाकडे दोन मिनिटं बघा. कारखान्याच्या भल्यामोठ्या टाकीत जे बंद झाकणाखाली होतं, ते तिथे तुम्हाला उघड्या डोळ्यांनी दिसेल.